मैदानावरची मुलं आणि क्लबचा कॅमेरा

पोहण्याच्या स्पर्धेनंतर क्लबच्या पानावर एक पोस्ट पडते. दहा वर्षांची मुलगी तलावाच्या काठावर ओल्या पोशाखात उभी आहे, गळ्यात पदक. सोबत मजकूर : मुलीचं नाव, आडनाव, वयोगट, शर्यत, तिची वेळ, शाळेचं नाव, कोचचं नाव आणि शेवटी 'रोज संध्याकाळी साडेपाच ते सात न चुकता सराव करणाऱ्या आमच्या जलपरीचं हार्दिक अभिनंदन!' खाली टाळ्या, हृदयं, आत्या-मावश्यांचे आशीर्वाद. पोस्ट टाकणाऱ्याच्या मनात कौतुकाखेरीज काही नाही. मजकुरात आक्षेप घ्यावा असा एक शब्दही नाही.

आता हीच पोस्ट वेगळ्या डोळ्यांनी वाचा. या मुलीशी ज्याची ओळख नाही, पण ओळख काढायची इच्छा आहे, अशा माणसाला इथं काय काय मिळालं? तिचा चेहरा आणि पूर्ण नाव मिळालं. ती रोज किती वाजता कुठं असते, ते कळलं. कोणत्या मोठ्या माणसावर तिचा विश्वास आहे, हेही कळलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलायला सुरुवात कुठून करायची, हे कळलं. 'काय सुंदर वेळ दिलीस गं, मी तुझ्या सरांना ओळखतो' एवढं एक वाक्य पुरतं. हे शोधायला त्याला मैदानाच्या कुंपणापाशी लांबलचक लेन्स लावून उभं राहावं लागलं नाही. घरबसल्या, क्लबच्या सौजन्यानं सगळं मिळालं.

तरी लहान मुलांच्या खेळातले फोटो हा विषय निघाला की चर्चा नेमकी त्या कुंपणापाशी जाऊन अडकते. एक पक्ष म्हणतो, मैदानावर कॅमेऱ्याला बंदीच घाला. दुसरा म्हणतो, हा निव्वळ बाऊ आहे, आमच्या लहानपणी कुणी असलं काही बोलत नव्हतं. दोघांचंही लक्ष कॅमेरा धरलेल्या हाताकडे असतं. माझं म्हणणं असं, की फोटो काढलेच पाहिजेत. पण फोटोबरोबर कोणती माहिती बाहेर जाते, तो कुणाकुणाच्या हातात फिरतो आणि शेवटी त्याचं काय होतं, याची जबाबदारी क्लबची आहे. ती पालकांच्या एका सहीवर ढकलता येत नाही, आणि 'छायाचित्रणास मनाई' अशी पाटी लावूनही संपत नाही.

बंदीचा विचार आधी करू, कारण घाबरलेल्या पालकांना आणि वैतागलेल्या पदाधिकाऱ्यांना तो सगळ्यात सोपा वाटतो. पण बंदीनं नुकसान मुलांचंच होतं. पहिला गोल, पहिली शर्यत, संघाबरोबरचा पहिला प्रवास यांची आठवण मोठेपणी हाताशी असावी, हा मुलांचाही हक्क आहे. मुलींच्या खेळांना आणि अपंग मुलांच्या खेळांना आधीच प्रसिद्धी कमी मिळते. त्यांचे फोटो बंद केले, तर जे थोडंफार दिसतं तेही दिसेनासं होईल. शिवाय आजचं प्रशिक्षण व्हिडिओवर चालतं. टप्पा घेताना पाय कुठं पडला, हे मुलाला दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा संथ गतीत दाखवलं की लगेच उमगतं. ब्रिटनमध्ये मुलांच्या खेळातल्या सुरक्षेसाठी एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेत २००१ पासून एक स्वतंत्र विभाग काम करतो आहे. या विषयात ज्यांनी सगळ्यात जास्त डोकं घातलं, त्यांच्यापैकी हे लोक. त्यांचाही सल्ला 'बंदी घाला' असा नाही.

बंदीत आणखी एक मोठा घोटाळा आहे. ती सगळं लक्ष बाहेरच्या माणसावर नेते. खेळाच्या जगातली अत्याचाराची मोठी प्रकरणं काढून पाहिली, तर गुन्हेगार बहुतेक वेळा कुंपणाच्या आतला निघाला आहे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्समध्ये लॅरी नासर हा संघाचा डॉक्टर होता. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया कोर्टात उभ्या राहून बोलल्या. ब्रिटिश फुटबॉलमध्ये २०१६ च्या अखेरीस माजी खेळाडू लहानपणच्या अत्याचारांबद्दल बोलू लागले, आणि त्यांनी नावं घेतली ती बहुतांशी प्रशिक्षकांची आणि खेळाडू हेरणाऱ्यांची. २०२१ च्या चौकशी अहवालानं तिथल्या फुटबॉल संघटनेवर ठपका ठेवला : धोका समोर दिसत असतानाही १९९५ ते २००० या काळात तिनं मुलांच्या संरक्षणासाठी पुरेसं काही केलं नाही. प्रेक्षकांच्या कॅमेऱ्यावरच्या बंदीनं यातलं काय थांबलं असतं? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार होतो. पाटी लावून समाधान मिळतं, आणि आतल्या माणसाच्या फोनमध्ये काय साठतंय हे विचारायचं राहून जातं.

तो आतला फोन हा मला या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो. एखाद्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात डोकावा. कोच मुलींच्या उड्या टिपतो, ताणाचे व्यायाम टिपतो, चुकलेली उतरण टिपतो. हे सगळं त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये, त्याच्या घरच्या फोटोंच्या शेजारी जातं. तिथून आपोआप त्याच्या वैयक्तिक क्लाऊडवर चढतं. वर्षअखेरीस शंभरेक मुलांचे हजारो तुकडे एका माणसाच्या खात्यात असतात, आणि तो क्लब सोडून गेला तर ते त्याच्याबरोबर जातात. कोच सज्जन असेल. बहुतेक असतातच. पण क्लबनं नियम माणूस बघून करायचा नसतो. क्लबचा एक फोन किंवा टॅब्लेट असावा, व्हिडिओ त्यावरच घ्यावा, मुलाला दाखवून झाला की ठरावीक मुदतीत पुसावा. साधी गोष्ट आहे, आणि प्रामाणिक कोचला त्यात सोयच आहे, कारण उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याच्याकडे उत्तर असतं. कपडे बदलण्याच्या खोलीत आणि न्हाणीघरात कुणाचाही कॅमेरा कोणत्याही कारणासाठी चालणार नाही, यावर चर्चेची गरज नाही. खेळाडू मुलांच्या स्वतःच्या फोनलाही हा नियम लागू असावा. टवाळखोरीत काढलेला तिथला एक फोटो एखाद्या मुलाचं वर्ष नासवू शकतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. 'मैदान सार्वजनिक आहे, तिथं फोटो काढणं हा गुन्हा नाही' हे बऱ्याच देशांच्या कायद्यात बसतं. आईवडिलांनी आपल्या मुलाचा सामना घरच्यांसाठी टिपला, तर युरोपचा कडक समजला जाणारा माहिती संरक्षण कायदाही त्यात पडत नाही. घरगुती वापर त्यानं बाजूला ठेवला आहे. पण इथंच घोडं पेंड खातं. क्लब म्हणजे घर नाही, आणि क्लब म्हणजे रस्त्यानं जाणारा वाटसरूही नाही. मुलं विश्वासानं त्याच्या ताब्यात दिलेली असतात. आजोबांनी नातवाचा फोटो काढून आपल्या फोनमध्ये ठेवणं आणि क्लबनं तोच फोटो नावगावासकट जगासमोर मांडणं, या दोन गोष्टी कायद्यानंही वेगळ्या आहेत आणि शहाणपणानंही. पहिल्या गोष्टीवर पोलिसगिरी करायची आणि दुसरी बिनदिक्कत करत राहायची, हे अनेक क्लबांत चालतं. आजोबांना हटकतात, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या संघाची नावं जर्सीच्या नंबरासह टाकतात.

या पक्षाचा दुसरा मुद्दा असा, की साध्यासुध्या फोटोत काय वावगं आहे? मुलं अंगभर कपड्यात आहेत, खेळतायत, हसतायत. पूर्वी हा मुद्दा बराचसा खरा असेलही, आता तो टिकत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये यूट्यूबवर जे उघड झालं ते आठवून पाहा. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या, खेळणाऱ्या लहान मुलींचे अगदी निष्पाप व्हिडिओ, कित्येक त्यांनी स्वतः किंवा घरच्यांनी टाकलेले. त्यांच्याखाली अनोळखी माणसं नुसते मिनिट-सेकंदांचे आकडे लिहून जात होती. ज्या क्षणी मुलगी विशिष्ट स्थितीत दिसते, तो क्षण एकमेकांना दाखवण्यासाठी. एक व्हिडिओ पाहिला की यंत्रणा तसलेच पुढचे सुचवत होती. नेस्ले, डिस्ने अशा बड्या कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या, आणि त्या महिन्याच्या अखेरीस यूट्यूबनं लहान मुलं असलेल्या बहुतेक व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया बंद करण्याचं जाहीर केलं. त्या व्हिडिओंमध्ये आक्षेपार्ह काहीच नव्हतं. आक्षेपार्ह होती ती त्यांच्याभोवती जमलेली गर्दी, आणि त्या गर्दीला वाट दाखवणारी यंत्रणा.

त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या अल्मेंद्रालेहो या गावात शाळकरी मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे फोटो घेऊन एका ॲपवर त्यांची नग्न चित्रं बनवली गेली आणि ती ग्रुपांवर फिरली. करणारे कोण? त्यांच्याच ओळखीतली मुलं. पुढच्या वर्षी बाल न्यायालयानं पंधरा अल्पवयीनांना एका वर्षाच्या देखरेखीची शिक्षा सुनावली. २०२४ मध्येच ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेनं दाखवलं, की चित्रं बनवणाऱ्या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लायन-५बी या प्रचंड संग्रहात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे खासगी फोटो आहेत. संग्रहाचा अगदी नगण्य तुकडा तपासूनही ब्राझीलचे १७० आणि ऑस्ट्रेलियाचे १९० फोटो सापडले. काहींच्या सोबतच्या मजकुरात किंवा फोटोच्या इंटरनेटवरच्या पत्त्यातच मुलांची नावं होती. हे फोटो टाकणाऱ्या कुणालाही ते कुठं जाणार याची कल्पना नव्हती. ती येणार तरी कुठून? म्हणून 'फोटो अश्लील आहे का' ही जुनी कसोटी आता अपुरी पडते. स्वच्छ, पुढून घेतलेला, चेहरा ठळक दिसणारा, नाव जोडलेला फोटो हाच सगळ्यात कामाचा कच्चा माल झाला आहे, आणि क्लबांचे बक्षीस समारंभाचे फोटो नेमके तसे असतात.

अर्थात फोटो कसा काढला, याला आजही महत्त्व आहे. मोठ्या खेळाडूंनाही या त्रासातून जावं लागतं. जपानमध्ये खेळाडू मुलींचे लैंगिक हेतूनं काढलेले फोटो ही इतकी डोकेदुखी झाली, की २०२० मध्ये तिथल्या ऑलिंपिक समितीनं इतर क्रीडा संस्थांना बरोबर घेऊन त्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढलं. पोशाखाच्या आरपार पाहू शकणारे इन्फ्रारेड कॅमेरे अडवणारं खास कापड मिझुनो कंपनीनं तयार केलं, आणि पॅरिस २०२४ ला जपानचे काही संघ ते घालून उतरले. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट पायघोळ पोशाखात उतरल्या, आपल्या शरीराकडे कसं पाहिलं जावं हे आपण ठरवू म्हणून. या सगळ्या प्रौढ, जगप्रसिद्ध, पाठीशी संघटना असलेल्या खेळाडू. अकरा वर्षांच्या मुलीपाशी यातलं काहीच नसतं. तिच्या वतीनं क्लबनं ठरवायचं असतं की पोहणाऱ्या मुलांचा फोटो पाण्यात असताना किंवा अंगावर ट्रॅकसूट चढवल्यावर काढायचा, उडीच्या ठोकळ्यावर वाकलेल्या मुलाचा मागून काढायचा नाही, जिम्नॅस्टचा पाय फाकलेल्या क्षणी बटण दाबायचं नाही. चांगल्या क्रीडा छायाचित्रकाराला यात काही गमावल्यासारखं वाटणार नाही. खेळाचा खरा फोटो चेहऱ्यावर असतो, दात-ओठ खाऊन शेवटचे दोन मीटर कापणाऱ्या मुलाच्या डोळ्यात असतो.

संमतीचा प्रश्न मात्र मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो सुटला आहे असं सगळे धरून चालतात. हंगामाच्या सुरुवातीला प्रवेशाचे कागद येतात. आजारपणाची माहिती, फीची पावती, तातडीचा फोन नंबर, आणि त्यातच तळाशी एक ओळ : 'माझ्या पाल्याची छायाचित्रे क्लब प्रसिद्धीसाठी वापरू शकतो.' मागे मुलांची रांग, पालक घाईत, सही होते. त्या सहीवर क्लब पुढं वर्षभर, खरं तर कायमच, वाटेल ते छापतो. सही न करणाऱ्याला कधी स्पष्ट शब्दांत, कधी नुसत्या भुवया उंचावून कळवलं जातं, की मग संघाच्या फोटोत तुमचं मूल नसेल बरं का. नाही म्हणायची सोय नसेल, तर हो म्हणण्याला किंमत काय उरली? छायाचित्राच्या संमतीचा खेळण्याच्या परवानगीशी काडीचाही संबंध असता कामा नये. कागद वेगळा हवा, आणि त्यात निदान चार प्रश्न वेगवेगळे हवेत : प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालेल का, क्लबच्या भिंतीवर चालेल का, समाजमाध्यमांवर चालेल का, वर्तमानपत्राला चालेल का. भिंतीला हो म्हणणारा पालक जगाला हो म्हणतोच असं नाही.

आणि मुलाचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १६ मुलाच्या खासगीपणाबद्दल आहे आणि कलम १२ त्याचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल. फ्रान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये खास मुलांच्या छायाचित्रांबद्दल कायदा केला. मुलाच्या प्रतिमेचा हक्क आईवडिलांनी जपायचा, आणि त्याच्या वयाला झेपेल तसं त्यालाही निर्णयात घ्यायचं, असं त्यात आहे. म्हणजे पालकांची सही हा शेवटचा शब्द नाही, हे कायदेही मानू लागले आहेत. माझा स्वतःचा नियम सरळ आहे. मुलाच्या 'नको'पुढं पालकांचं 'हो' चालणार नाही, आणि पालकांच्या 'नको'पुढं मुलाचं 'हो' चालणार नाही. दोघांपैकी जो सावध, त्याचं ऐकायचं. यावर कुणी म्हणेल, आठ वर्षांच्या पोराला काय कळतं? पुष्कळ कळतं. पेनल्टी हुकल्यावर रडणाऱ्या मुलाला तो फोटो दाखवून 'टाकू का?' असं विचारून बघा. कोणत्याही धोरणाच्या कागदापेक्षा स्पष्ट उत्तर मिळेल.

हे रडण्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. सुरक्षा म्हटलं की आपल्याला फक्त लैंगिक अत्याचार आठवतो. पण मुलाला रोज जे टोचतं ते साधं असतं. चिखलात सपशेल आपटलेल्याचा फोटो, खाली सरांची गमतीदार ओळ, वर चाळीस हसरे चेहरे. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच टोपणनाव. मोठ्यांना गंमत वाटते, आणि ते मूल पुढच्या आठवड्यापासून पोट दुखतंय म्हणून घरी बसतं. असल्या गोष्टीची कुठं नोंद होत नाही, म्हणून ती झालीच नाही असं नव्हे.

काही मुलांच्या बाबतीत मात्र साधा, हसरा, निरागस फोटोसुद्धा जिवावर बेतू शकतो. आई मारकुट्या नवऱ्यापासून लपून दुसऱ्या गावी राहते आहे, आणि मुलगा तिथल्या क्लबात फुटबॉल खेळतो. एखादं मूल दत्तक किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या सांभाळात आहे, आणि आधीच्या घरच्यांना त्याचा ठावठिकाणा कळू नये असा न्यायालयाचा आदेश आहे. एखाद्या घरात ताब्याचा खटला चालू आहे. अशा आईला क्लबच्या कार्यालयात सगळ्यांदेखत कारण सांगता येत नाही. ती फक्त म्हणते, 'फोटो नको.' आणि समोरचा चिडतो, 'एवढं काय त्यात?' कारण न विचारण्याची शिस्त लावून घेणं, हे क्लबला जमलं पाहिजे.

यापुढचं आणखी अवघड आहे, कारण इथं चांगल्या हेतूनं केलेल्या उपायाचाही उलटा परिणाम होतो. ज्यांचा फोटो काढायचा नाही अशा मुलांना काही ठिकाणी वेगळ्या रंगाची पट्टी मनगटावर बांधतात, म्हणजे छायाचित्रकाराला ओळखू यावं. सोय छायाचित्रकाराची झाली. त्या मुलाला मात्र दिवसभर 'तू का वेगळा?' या प्रश्नाची उत्तरं द्यावी लागली. आणि ज्याच्यापासून त्याला लपवायचं आहे, तो आलाच, तर त्यालाही खूण मिळाली. संघाच्या फोटोच्या वेळी 'तू जरा बाजूला हो' म्हणणं तर त्याहून क्रूर. हंगामभर बचाव सांभाळलेल्या पोरानं विजयाच्या क्षणी गोलपोस्टच्या मागं उभं राहायचं? त्यापेक्षा फोटोचा प्रकार बदलावा. सगळ्यांनी खांद्यावर हात टाकून केलेलं कडं पाठीमागून टिपावं, करंडकावर एकावर एक ठेवलेले हात टिपावेत. चेहरे दिसणारा पूर्ण संघाचा फोटो काढायचाच, तर मूल आणि पालक दोघेही तयार आहेत का ते आधी विचारावं. ते तयार असतील, तर तो कागदावर छापून फक्त त्या मुलांना द्यावा. एकाही प्रतीचं डिजिटल रूप बाहेर जाणार नाही, हे आधी सांगून. तरीही कुणीतरी छापील फोटोचा फोटो काढून टाकेलच. ते पूर्ण थांबवता येणार नाही, पण क्लबच्या हातून झालं नाही एवढं तरी खरं राहतं, आणि कळताक्षणी काढायला लावता येतं.

नावांबद्दलचा नियम जुना आणि चांगला आहे : फोटो असेल तर नाव नाही, नाव असेल तर फोटो नाही. यावर प्रतिभावान मुलांचे पालक रास्तपणे म्हणतात, की निवड, शिष्यवृत्ती, प्रायोजक सगळं नावावर चालतं. मग निकालांची यादी नावांसह लावा की. वेळ, अंतर, गुण ही माहिती तिथं असतेच, निवड करणारे तीच पाहतात. निवड समितीला दहा वर्षांच्या मुलाच्या ओल्या केसांचा फोटो लागत नाही. वरच्या पातळीवर, जिथं वार्ताहर येणारच आहेत, तिथं मुलाला आणि घरच्यांना आधी बसवून काय छापलं जाऊ शकतं ते सांगावं. बारीकसारीक गळती मात्र लक्षात ठेवायला हवी. जर्सीच्या पाठीवर आडनाव छापलेलं असतं. फाईललाच कुणीतरी मुलाचं नाव दिलेलं असतं. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तर फोटो कुठं काढला ते ठिकाणही सोबत जाऊ शकतं. आणि सामना चालू असतानाच 'आम्ही आत्ता इथं आहोत' असं टाकण्यापेक्षा घरी पोचल्यावर टाकलं, तर कौतुक तसूभरही कमी होत नाही.

स्पर्धांना बोलावलेल्या व्यावसायिक छायाचित्रकारांबद्दल क्लब फारच भोळे असतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलं की माणूस कुठंही फिरायला मोकळा. मुलांबरोबर तो एकटा असणार नाही, वेगळ्या ठिकाणी बोलावून फोटो काढणार नाही, हे आधी लिहून घ्यायला हवं. मुख्य म्हणजे विक्रीसाठी तो फोटो कुठं ठेवणार, हे विचारायला हवं. छातीवरचा नंबर टाकला की त्या मुलाचे सगळे फोटो कुणालाही दिसतात, अशी उघडी दालनं या धंद्यात सर्रास चालतात. परवलीचा शब्द लावणं ही करारातली एक ओळ आहे. ती घालायला पैसे पडत नाहीत.

आणि कुंपणापाशी उभा असलेला तो अनोळखी माणूस? त्याच्याजवळ जाऊन क्लबच्या नेमलेल्या व्यक्तीनं नीट विचारावं, 'नमस्कार, आपण कुणाबरोबर आलात?' शंभरात बहुतेक वेळा उत्तर 'तो सात नंबरचा माझा भाचा' असं येईल. उत्तर पटलं नाही, तर पुढं काय करायचं, कुणाला कळवायचं, हे त्या व्यक्तीला ठाऊक असावं. फोन हिसकावणं, जमाव गोळा करणं, माणसाचा फोटो काढून 'सावधान' म्हणून ग्रुपांवर फिरवणं, हे सुरक्षेच्या नावाखाली चालणारे प्रकार मला मुळीच मान्य नाहीत. त्यात एखाद्या निरपराध माणसाचा बळी जातो, आणि मुलांना धडा मिळतो तो असा, की एखाद्याची लाज काढायला त्याचा फोटो हे उत्तम हत्यार आहे.

'आमचा क्लब स्वयंसेवकांवर चालतो, एवढं सगळं करायला माणसं कुठून आणायची?' हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. नोकरी सांभाळून रविवारी नेट बांधायला येणाऱ्या चिटणीसाला आणखी एक नियमावली देणं म्हणजे त्याला पळवून लावणं. पण वर सांगितलेल्यातलं बरंचसं न करण्याचं काम आहे. आडनाव न लिहायला, सरावाची वेळ न टाकायला, रडणाऱ्या मुलाचा फोटो न काढायला मनुष्यबळ लागत नाही. खरं काम उरतं ते तीन-चार गोष्टींचं : क्लबचा एक फोन, खात्याचा परवलीचा शब्द किमान दोघांकडे, तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव सूचनाफलकावर, आणि हंगाम संपला की एक संध्याकाळ पुसापुशीसाठी.

त्या पुसापुशीवर मी अडून बसेन, कारण मुलं मोठी होतात आणि फोटो तिथंच राहतात. लहानपणी प्रसिद्ध झालेली आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानं खास नमूद केला आहे. कॅलिफोर्नियानं २०१५ पासून अल्पवयीनांना असा हक्क दिला, पण त्यांनी स्वतः टाकलेल्या मजकुरापुरता. दुसऱ्यानं टाकलेलं त्यातून वगळलं. क्लबच्या पोस्ट नेमक्या त्या वगळलेल्या भागात येतात. सतरा वर्षांची मुलगी नवव्या वर्षीचा पोहण्याच्या पोशाखातला फोटो काढून टाका म्हणून सांगते, तेव्हा काय घडतं? ज्यानं तो टाकला तो पदाधिकारी केव्हाच बदललेला असतो, खातं त्याच्या जुन्या नंबरावर असतं, नवीन समिती म्हणते आमचा काय संबंध. मुलगी क्लबची सभासदही राहिलेली नसते, म्हणून तिच्या अर्जाला कुणी विचारत नाही. खातं व्यक्तीच्या नाही तर क्लबच्या नावावर असेल, तर हे होत नाही. फोटो काढून टाकायचा अर्ज कुठं करायचा तो पत्ता क्लबच्या पानावर कायम लिहिलेला असावा. आजी-माजी कोणत्याही खेळाडूनं मागितलं की चोवीस तासांत फोटो उतरवावा, आणि काही शंका असेल तर ती फोटो उतरवल्यावर विचारावी.